ओझं नेमकं कोणाच्या डोक्यावर?

किपलिंग आपल्याला मोगलीमुळे माहीत असतो. तो १८६५ साली मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मला, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याची ‘द व्हाइट मॅन्स बर्डन’ ही कविता मात्र आपण नावापुरती ओळखतो आणि ती इंग्रजांच्या भारतातल्या राज्याबद्दल असणार, असं धरून चालतो. मीही तेच धरलं होतं. परवा लोकलमध्ये मोबाइलवर पूर्ण वाचायला घेतली आणि उपशीर्षकावरच अडखळलो. तिथे अमेरिका आणि फिलिपाइन्सची नावं आहेत.

प्रकरण असं. १८९८ मध्ये अमेरिका क्युबाच्या स्वातंत्र्याच्या नावाने स्पेनशी लढली. १ मे रोजी स्पेनचं आरमार बुडालं ते मात्र पार दुसऱ्या टोकाला, मनिलाच्या उपसागरात. १२ जूनला आगिनाल्दोने फिलिपाइन्सचं स्वातंत्र्य जाहीर केलं. डिसेंबरात पॅरिसच्या तहात स्पेनने ती बेटं अमेरिकेला दिली आणि बदल्यात दोन कोटी डॉलर घेतले. टेबलावर एकही फिलिपिनो नव्हता. जो देश स्वतः एका साम्राज्यातून फुटून निघाला, त्याने आता वसाहत घ्यायची का, यावर सिनेटमध्ये जुंपली होती. १८९९ च्या फेब्रुवारीत, नेमक्या त्याच दिवसांत, ही कविता छापून आली. ४ तारखेला मनिलात गोळीबार सुरू झाला. ६ तारखेला तह ५७ विरुद्ध २७ मतांनी पास झाला, म्हणजे गरजेपेक्षा फक्त एक मत जास्त.

किपलिंगने कविता आधीच थिओडोर रूझवेल्टला पाठवली होती. रूझवेल्टचं मत असं की कविता म्हणून बेताचीच, पण विस्तारवाद्यांच्या कामाची. मला हे पटत नाही. कविता चांगली जमलीय, आणि अडचण तीच आहे. सातही कडवी एकाच हुकुमाने सुरू होतात. थकलेला सीनियर नव्या जॉइनीला हँडओव्हर देतो तसा सूर: राबावं लागेल, कोणी आभार मानणार नाही, उलट शिव्या खाशील. चीनच्या बाजारात शिरायला मिळणारं बंदर, नवी गिऱ्हाइकं, यांचा उल्लेखच नाही. फायदा कवितेतून काढून टाकला की उरतो तो त्याग, आणि त्यागाला नाही म्हणणारा भित्रा ठरतो. शेवटच्या कडव्यात तर खरा श्रोताही उघडा पडतो. पोरवय संपलं, आता बरोबरीचे तुला जोखतील, असं किपलिंग अमेरिकेला सांगतो. हे बरोबरीचे म्हणजे जुनी साम्राज्यं. ज्यांच्यासाठी ओझं उचलायचं, त्या माणसांच्या तोंडी कविता फक्त एक तक्रार घालते.

एका जागी मात्र मी वाचताना थांबलोच. दुष्काळाच्या तोंडी घास घाला, रोगराई थांबवा, असं कविता बजावते. त्याआधीच्या दोन-अडीच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं? १८९६ पासून मुंबईत प्लेग, सोबत दुष्काळ. पुण्यात गोरे सोजीर घरांत घुसून रोगी शोधत होते, आणि २२ जून १८९७ ला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. कवितेतल्या सेवेचा खरा नमुना हा होता.

मार्क ट्वेनने फेब्रुवारी १९०१ मध्ये ‘टू द पर्सन सिटिंग इन डार्कनेस’ या निबंधातून साम्राज्याचा समाचार घेतला. ते किपलिंगला थेट उत्तर नाही, पण कवितेने लपवलेला हिशेब तो बाहेर काढतो. व्यापाऱ्याच्या थंड भाषेत तो विचारतो, हा सुधारणेचा धंदा नीट चाललाय का? फिलिपाइन्ससाठी तो नवा झेंडाही सुचवतो: पांढरे पट्टे काळे करा, ताऱ्यांच्या जागी कवटी आणि हाडं. गंमत म्हणजे १८९८ चं युद्ध सुरू झालं तेव्हा ट्वेन स्वतः त्याच्या बाजूने होता. मत बदलल्याचं त्याने लपवलं नाही, म्हणूनच माझा त्याच्यावर जास्त विश्वास बसतो.

तरीही ट्वेनच्या निबंधात फिलिपिनो माणूस दिसतो तो फसवला गेलेला म्हणून. त्याचं स्वतःचं बोलणं ऐकायचं तर होसे रिझालची ‘नोली मे तांगेरे’ ही १८८७ ची कादंबरी वाचावी लागते. रिझालला स्पेनने ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात गोळ्या घातल्या. किपलिंगने अमेरिकेला ओझं उचलायला सांगितलं, त्याच्या दोन वर्षं आधी.