हाताला काम नसते तेव्हा : 'अधांतर'च्या निमित्ताने

मराठीत 'बेकार' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. ज्याला काम नाही तो बेकार, आणि जी वस्तू कसल्याच उपयोगाची नाही तीही बेकार. हे दोन अर्थ इतके एकजीव झाले आहेत की एक उच्चारला की दुसरा आपोआप ऐकू येतो. 'कारखाना बंद पडला, आता तो बेकार आहे,' असे शेजाऱ्याविषयी बोलताना आपण केवळ माहिती देतो, की निवाडाही करून टाकतो? जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक पुन्हा वाचताना हा प्रश्न आम्हांस सारखा छळत राहिला.

नाटक पुन्हा हाती घेण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. 2020 सालच्या टाळेबंदीनंतर आम्ही आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांची माहितीपत्रके नव्याने भरून घेत होतो. एका गृहस्थांनी 'व्यवसाय' या रकान्यात आपल्या जुन्या कंपनीचे नाव लिहिले. ती कंपनी बंद झाल्याचे आम्हांस ठाऊक होते. आम्ही सहज म्हणून गेलो, "अहो, ती तर बंद झाली ना?" त्यांनी पत्रक परत घेतले, लिहिलेले खोडले आणि रकाना कोरा ठेवून निघून गेले. पुढचे कित्येक रविवार ते मिस्साला दिसले नाहीत. आमची माहिती अचूक होती; तरीही आम्ही त्या माणसाकडून काही तरी काढून घेतले होते. काय काढून घेतले, हे आम्हांस या नाटकाने सांगितले.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे साठ गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर हजारो संसारही विरत गेले. कित्येकांना पुन्हा कामावर घेतले नाही, कित्येक गिरण्या पुढे बंदच पडल्या, आणि कालांतराने त्यांच्या जमिनींवर मॉल व मनोरे उभे राहिले. हा झाला इतिहास. तो आकड्यांत सांगता येतो. परंतु भोंगा वाजेनासा झाल्यावर सकाळी सहाला उठून बसलेल्या माणसाने काय करायचे, हे आकडे सांगत नाहीत. तेथे साहित्याची गरज भासते.

गिरणगावाने मराठी साहित्याला एक मोठा कवी दिला. नारायण सुर्वे यांना एका गिरणी कामगाराने वाढविले, आणि 'ऐसा गा मी ब्रह्म' (1962) व 'माझे विद्यापीठ' (1966) या संग्रहांतून कामगार प्रथमच मराठी कवितेत ताठ मानेने बोलू लागला. तो गरीब होता, उपाशी होता, रागावलेला होता. पण तो कामगार होता. आपल्या हातांवाचून हे शहर चालत नाही, हा त्याचा विश्वास अढळ होता. 1997 साली आलेल्या 'अधांतर'मध्ये नेमका तोच विश्वास उरलेला नाही. शहर तर चालले आहे! या हातांवाचून चालले आहे. गिरणगावाच्या या दोन साहित्यकृतींमधील अंतर हे आमच्या मते केवळ कालाचे नाही. पहिलीत पोट रिकामे आहे, दुसरीत माणूसच रिकामा होत चालला आहे.

'अधांतर' संपाविषयीचे नाटक असूनही त्यात मोर्चे नाहीत, पुढाऱ्यांची भाषणे नाहीत. चाळीतील एक खोली, आई, आणि हाताशी आलेली पण हाताला काम नसलेली मुले. बाबाला लेखक व्हायचे आहे, मोहन क्रिकेटमध्ये बुडालेला आहे, नरूचे पाऊल वाकड्या वाटेवर पडले आहे. ही मुले आळशी आहेत असे प्रेक्षकाला आधी वाटते. हळूहळू ध्यानात येते की जगात आपली कोठे तरी नोंद व्हावी यासाठी प्रत्येकाने एक काल्पनिक कामच शोधून काढले आहे. घरातील भांडणे चहावरून, पैशांवरून, झोपण्याच्या जागेवरून होतात. मूळ दुखणे मात्र कोणीच बोलत नाही. नाटककाराचे सामर्थ्य आम्हांस येथे दिसते. बेकारीचे पहिले लक्षण उपासमार नसून चिडचिड आहे, हे त्यांनी अचूक टिपले आहे. आपल्या धर्मग्रामांतील घरांना भेटी देणाऱ्या कोणासही याची साक्ष पटेल.

आणि आई? तिला कोणी कधी कामावरून काढू शकत नाही. तिची चूल, तिचे पाणी, तिची काळजी अखंड चालू असते. गिरण्या बंद पडल्या तेव्हा गिरणगावातील बायका बंद पडल्या नाहीत. मात्र ज्या खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना जेवू घालून संसार करीत, त्यांच्याही पोटावर संपाने पाय आणला. त्या बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले होते. नाटकाच्या खोलीबाहेरचे हे कर्तृत्व नाटकात येत नाही.

येथेच आमची या कृतीविषयीची तक्रारही आहे. नरूच्या गुन्हेगारीचा धागा इतका प्रखर आहे की त्याच्या उजेडात बाकीचे फिके पडतात. याच नाटकावर आधारलेल्या 'लालबाग परळ' (2010) या चित्रपटात तर रक्तपाताने पडदाच व्यापला. वास्तविक बहुतेक घरांतून टोळीवाले निघाले नाहीत. कोणी भाजी विकली, कोणी रखवालदार झाला, कोणी बिऱ्हाड आवरून कोकणात परतला. गाजावाजा न करता झिजलेल्या या माणसांचे नाटक अजून लिहिले जावयाचे आहे.

योगायोग असा की संपापूर्वी चारच महिने, सप्टेंबर 1981 मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांचे 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले होते. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. आणि बेकारी ही प्रत्येक बाबतीत अनिष्टच आहे, असे त्यात सांगितले आहे. आम्ही ते परिपत्रक सेमिनरीत अभ्यासले, त्यावर परीक्षाही दिली. पण त्याचा अर्थ आम्हांस कळला तो एका चाळीतल्या खोलीचे नाटक वाचून, हे कबूल केले पाहिजे.

मत्तयलिखित शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर आम्ही अनेकदा प्रवचन केले. प्रत्येक वेळी मालकाच्या औदार्यावर बोललो. अकराव्या तासाला चौकात उभ्या असलेल्या माणसांविषयी क्वचितच बोललो. ती माणसे संध्याकाळपर्यंत तेथे का थांबली होती? दिवस तर संपत आला होता. आता आम्हांस वाटते, रिकाम्या हातांनी घरी जाण्याचे धैर्य त्यांना होत नसावे. मालकाने त्यांना रिकामे का उभे आहात असे विचारले, आणि कोणी आम्हांला कामावर लावले नाही हे त्यांचे उत्तर त्याने ऐकून घेतले व मानले. त्याने त्यांना आळशी म्हटले नाही. आम्ही व्यासपीठावरून संयमाचा उपदेश केला. आधी विचारावयाचे आणि ऐकावयाचे असते, हे विसरलो.

आपल्या समाजाच्या लेखनातही ही उणीव आहे. आपल्या कथांतील बेकार तरुण बहुधा दारूकडे वळतो आणि शेवटी पश्चात्ताप पावून वेदीपाशी येतो. त्याने पाप केले म्हणून त्याचे काम गेले, असा कार्यकारणभाव नकळत मांडला जातो. 'अधांतर' हा क्रम उलटा करून दाखविते. लिहिणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे.

त्या गृहस्थांच्या घरी आम्ही पुढे गेलो आणि आमची चूक बोलून दाखविली. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीने चहा केला. माहितीपत्रकातील 'व्यवसाय' हा रकाना आम्ही नंतर बदलला. आता तेथे 'कोणते काम येते?' असे छापले आहे. त्यांनी तेथे 'लेथवरचा टर्नर, सव्वीस वर्षे' असे लिहून दिले. त्यामुळे त्यांना नोकरी मिळाली नाही. मात्र त्यांनी ते लिहिले, तेव्हा अक्षर खोडलेल्या पत्रकावरच्याहून मोठे होते.