चिट्टीचे आज्ञापालन

शंकर यांचा 'एंदिरन' हा तमिळ चित्रपट २०१० साली निघाला व हिंदीत 'रोबोट' या नावाने आमच्याकडे आला. त्यातील शास्त्रज्ञ व त्याने घडविलेला यंत्रमानव चिट्टी, या दोन्ही भूमिका मराठी घरात जन्मलेल्या रजनीकांत यांच्याच. उत्तरार्धात तांबडी चिप बसविताच चिट्टी क्रूर होतो. हा भाग नेत्रदीपक खरा. पण तो पुराणातल्या राक्षसाचाच नवा अवतार होय. कृत्रिम बुद्धीचे खरे भय आम्हांस वाटले ते पूर्वार्धातील आगीच्या प्रसंगी. स्नान करीत असलेल्या मुलीस चिट्टी ज्वाळांतून उचलतो व विवस्त्र स्थितीतच जमावापुढे आणतो. ती लज्जेने पळत सुटते आणि वाहनाची धडक बसून मरते. लोकांस वाचवावे ही आज्ञा त्याने तंतोतंत पाळली होती! आमच्या कबनूरच्या वाचकांस हे नवे नाही. साध्या यंत्रमागावर उभा धागा तुटला तरी माग विणतच राहतो. त्याचे विणकराशी वैर थोडेच असते? हे मर्म दिग्दर्शकाच्या हाती आले होते. परंतु त्या मृत्यूनंतर चिट्टीस भावना दिल्या जातात, भावनेतून प्रेम, प्रेमातून मत्सर उपजतो, आणि शेवटी चिट्टींच्या सैन्याच्या गदारोळात ती बिचारी मुलगी कोणास आठवतही नाही.