कडू रसाचा आस्वाद

आपल्या समीक्षेने आपली बरीचशी भाषा जिभेकडून उसनी घेतली आहे. रस, रुची, आस्वाद हे शब्द मुळात ताटावरचे. भरतमुनींनीदेखील नाट्यरस समजावून देताना नाना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचाच दृष्टान्त दिला. असे असता, प्रत्यक्ष जिभेवरच्या पदार्थाविषयी चार जबाबदार वाक्ये लिहावयाची वेळ आली की आपण ‘छान’ आणि ‘बरे’ यांच्या पलीकडे जात नाही. ही उणीव मला तीव्रतेने जाणवली ती एका बिअरमुळे. १९६० पासून दारूबंदी असलेल्या राज्यातल्या, वडोदऱ्याच्या रहिवाशाने असे लिहावे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. हकीकत राज्याच्या सीमेबाहेरची, कॅलिफोर्नियात मुलीच्या घरी घडलेली आहे.

बिअरचे नाव ‘टॉर्पेडो’. चिको गावच्या सिएरा नेव्हाडा या कारखान्याने ती २००९ साली बाजारात आणली. जात इंडिया पेल एल. या नावातल्या ‘इंडिया’मुळे आपण उगाच सुखावण्याचे कारण नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो येथील हॉजसन, आणि १८२०च्या दशकापासून बर्टन गावचे ऑलसॉपसारखे उत्पादक, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात फिकट रंगाची कडू बिअर धाडत. तिचे हे नाव. ती खास या सफरीसाठीच कोणी शोधून काढली, ही प्रचलित कथा अभ्यासक आता मानत नाहीत. दूर धाडावयाच्या बिअरमध्ये हॉप अधिक घालण्याची रीत आधीपासूनच होती.

हॉप ही भांगेच्या कुळातली वेल. तिच्या मादी फुलोऱ्यात पिवळी, चिकट भुकटी असते. कडूपणा आणि गंध दोन्ही तिच्यातच. गंमत अशी की कडूपणा उतरावा म्हणून हॉप उकळावा लागतो आणि उकळला की गंध उडून जातो. ‘टॉर्पेडो’ हे नाव ज्या यंत्रावरून पडले ते याच अडचणीवरचा उपाय आहे. पोलादी नळकांड्यात अख्खा हॉप ठासून भरावयाचा आणि आंबत ठेवलेली थंड बिअर त्यातून फिरवावयाची. कडूपणाचे मापही असते. लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम कडू द्रव्य म्हणजे एक एकक. ‘टॉर्पेडो’त अशी ६५ एकके आहेत, आपल्याकडच्या नेहमीच्या बिअरचा आकडा याच्या निम्म्याच्याही पुष्कळ खाली असतो. मद्यार्क ७.२ टक्के.

पेल्यात ओतल्यावर रंग तांब्याच्या घासलेल्या भांड्याचा, वर दाट, किंचित पिवळसर फेस. जाणकार या वासाचे वर्णन ‘ग्रेपफ्रूट’ आणि ‘पाइन’ असे करतात. ते त्यांच्या आठवणींचे शब्द आहेत. मी डोळे मिटून हुंगले तेव्हा मला पपनसाची साल सोलताना बोटांना लागते ते तेल आठवले आणि त्यामागून निखाऱ्यावर टाकलेली राळ. पपनस हे ग्रेपफ्रूटच्या आईबापांपैकीच एक, तेव्हा माझे नाक फारसे चुकले नसावे. आंब्याचाही वास येतो म्हणतात. हापूस ठाऊक असलेल्या माणसाला तो मान्य होणे कठीण.

पहिला घोट मात्र फसला. शीतकपाटातून काढलेल्या थंडपणात नुसता कडूपणाच उरतो, तोही धारदार आणि एकसुरी. दहाएक मिनिटे पेला तसाच ठेवला, तेव्हा त्याखालचे भाजलेल्या जवाचे गोडसर, खमंग अंग वर आले. मग क्रम स्पष्ट झाला : आधी खमंगपणा, मध्ये पपनस, आणि घोट उतरल्यावर जिभेच्या मुळाशी बराच वेळ रेंगाळणारा कडू रस. हे रेंगाळणे हाच या कृतीचा खरा गुण. दोषही तिथेच आहे. दुसऱ्या पेल्यात आधीचा कडूपणा अजून गेलेला नसतो, त्याच्यावर नवा चढतो आणि गंध पोचेनासाच होतो. एका पेल्याची ही रचना आहे. दुसरा पेला तिच्यावर अन्याय करतो.

या रसाला नाव काय द्यावे? शास्त्रात कडूला तिक्त म्हणतात आणि तिखटाला कटू. आपल्या बोलीने कटूचाच ‘कडू’ केला आणि तिक्त पोथीत ठेवून दिला. व्यवहारातही कडू म्हटले की औषध, नाहीतर भांडण. लेखन कडवट आहे असे आपण म्हणतो ते दोष दाखवावयासच. पण मेथीची भाजी, कारले, पाडव्याचा कडुलिंब यांवर वाढलेल्या जिभेला हा रस परका कसा?

“बाबा, आवडली का?” मुलीने विचारले. बापलेकीने एका टेबलावर बसून बिअर घेण्याचा आमच्या घराण्यातला हा पहिलाच प्रसंग असल्याने मी उत्तराला जरा वेळ लावला. मग म्हणालो, “मेथीच्या लाडवासारखी आहे.”

तिने आपला पेला पुन्हा एकदा हुंगला, एक लहान घोट घेतला. “आजीच्या लाडवात,” ती म्हणाली, “गूळ जास्त असायचा.”