संहिता, पाठभेद आणि खेळाडू : संगणक व कन्सोल यांच्या वादाचा एक विचार

व्हिडिओ गेम संगणकावर खेळावा की कन्सोलवर, हा वाद हौशी खेळाडूंत गेली कित्येक वर्षे चालू आहे. या वादाची परिभाषा बहुधा यंत्राची असते. चित्राची स्पष्टता, दर सेकंदास उमटणाऱ्या चौकटींची संख्या, यंत्राची किंमत ही त्यातील नेहमीची प्रमाणे होत. ती खोटी नाहीत. परंतु दर पाच-सहा वर्षांनी ती शिळी होतात आणि वाद मात्र उरतो. ज्या वादाची प्रमाणे बदलूनही वाद मिटत नाही, त्याचे मूळ त्या प्रमाणांत नसावे असे मानणे भाग आहे. ते मूळ संहितेवरील अधिकारात आहे. खेळ ही एक संहिता मानली, तर तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा प्रश्न होय.

इतिहास या दृष्टीने बोलका आहे. निन्तेन्दोने १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या यंत्रात एक कुलूप-चिप बसविली होती. ज्या काडतुसात तिची जोडीदार चिप नसे, ते काडतूस यंत्र चालू देत नसे. म्हणजे कोणते लेखन प्रकाशित होईल हे यंत्राचा निर्माता ठरवीत होता. याउलट, १९९३ च्या ‘डूम’ या संगणकावरील खेळात नकाशे, चित्रे व ध्वनी ही सामग्री मूळ यंत्रणेपासून वेगळ्या संचिकेत ठेवलेली होती, आणि खेळाडूंनी तेथे आपले नकाशे घालावेत याला कर्त्यांची संमती होती. ‘हाफ-लाइफ’ (१९९८) या खेळावर दोघा हौशींनी १९९९ मध्ये केलेला फेरफार म्हणजेच ‘काउंटर-स्ट्राइक’. मूळ खेळाच्या कंपनीने पुढे तो स्वतःच प्रकाशित केला. टीकाच मूळ ग्रंथाहून अधिक वाचली जावी, तसाच हा प्रकार झाला.

मराठीच्या अभ्यासकाला क्षेपकाची कल्पना नवी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत यापुढे कोणी ओवी घालू नये असे बजावले. संहिता शुद्ध करणारा आणि तिला कुलूप लावणारा येथे एकच आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. खेळांच्या क्षेत्रात ही दोन कामे विभागली गेली. ‘डार्क सोल्स’ हा खेळ २०११ मध्ये कन्सोलवर आला, आणि खेळाडूंच्या मागणीअर्जानंतर २०१२ मध्ये संगणकावर. संगणकावरील प्रत मात्र आळसाने तयार केल्यासारखी होती. पडदा कितीही मोठा असो, चित्र मूळ कन्सोलच्याच बेताच्या मापात रेखाटले जाई. ‘ड्युरांटे’ या नावाने वावरणाऱ्या एका खेळाडूने प्रकाशनानंतर थोड्याच अवधीत तो दोष दूर करणारी जोडणी तयार करून विनामूल्य वाटली. शुद्धीकरण येथे वाचकाने केले. कुलूप असते तर ते झाले नसते.

यावरून संगणकाच्या बाजूने निकाल देणे मात्र घाईचे होईल. स्थिर संहितेचे म्हणून काही गुण असतात, आणि संगणकाचे कैवारी त्यांकडे फारसे पाहत नाहीत. ‘सुपर मारिओ ६४’ (१९९६) हा खेळ आणि निन्तेन्दो ६४ चा हातातील नियंत्रक एकमेकांना डोळ्यांपुढे ठेवून घडले. त्यावरील दांडी किती कलविली यानुसार मारिओ चवड्यांवर चालतो, चालतो किंवा धावतो. कळफलकाची कळ दाबलेली असते किंवा नसते; मधली छटा तिला ठाऊक नाही. भाषाशास्त्राच्या परिभाषेत, एका ठिकाणी अर्थ श्रेणीने व्यक्त होतो, दुसऱ्या ठिकाणी केवळ विरोधाने. नेम धरण्याच्या खेळांत हेच चित्र उलटते. माऊस जितका सरकवावा तितकीच नजर वळते. दांडीने केवळ वळण्याचा वेग ठरतो. म्हणून कन्सोलवरील अशा खेळांत नेम साधण्यास यंत्राचे गुप्त साहाय्य असते. साधन हे व्याकरण आहे; कोणती वाक्ये सहज होतील आणि कोणती ओढूनताणून, हे त्यावर अवलंबून राहते. शिवाय एका दूरदर्शनसंचापुढे चौघे बसून ‘गोल्डनआय’ (१९९७) खेळत, तेव्हा पडद्याच्या चार भागांपैकी प्रत्येकाचा भाग इतरांना उघड दिसे. ही चोरटी नजर दोष की खेळाचे अंग, याचा निर्णय त्या चौघांनीच करावयाचा असे. हा सहवास एकट्याच्या टेबलावरील संगणकाने क्वचितच दिला.

अलीकडे दोन्ही पक्षांचे दावे ढिले पडले आहेत. कन्सोलवरील प्रत निश्चितपणे चालतेच, हा दावा ‘सायबरपंक २०७७’ने मोडला. डिसेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ४ वरील त्याची प्रत इतकी सदोष निघाली की सोनीने ती आपल्या दुकानातून काढून घेतली, आणि जून २०२१ पर्यंत ती परत आली नाही. ‘फॉलआउट ४’मधील फेरफारांची सोय २०१६ मध्ये कन्सोलवरही झाली, मात्र प्लेस्टेशनवर मूळ खेळाबाहेरची चित्रे वा ध्वनी आणण्यास मनाई राहिली. शब्दसंग्रह मूळचाच, वाक्ये तेवढी नवी, असे ते मर्यादित स्वातंत्र्य होते. संगणकाचा स्वातंत्र्याचा दावाही निर्भेळ नाही. ‘हाफ-लाइफ २’ (२००४) खेळण्यासाठी ‘स्टीम’ या सेवेत नोंदणी करावीच लागे. खरेदी केली तरी मिळे तो परवाना.

याचा परिणाम समीक्षेवर होतो, आणि तो गंभीर आहे. खेळांवरील लेखनात केवळ नाव व वर्ष देण्याची पद्धत रूढ आहे. जणू संहिता एकच. २००८ च्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’मधील रेडिओवरची अनेक गाणी परवान्याची मुदत संपल्याने २०१८ मध्ये काढण्यात आली. त्यातील रशियन वाहिनीला याची झळ विशेष बसली. आणि कथानायक पूर्व युरोपातून आलेला स्थलांतरित असल्याने ही हानी केवळ सजावटीची नव्हती. २००८ ची तबकडी कोणतीही सुधारणा न स्वीकारता कन्सोलवर लावली तर ती गाणी अद्याप ऐकू येतात. संगणकावर ती हौशींनी केलेल्या जोडणीने परत आणावी लागतात. पहिली प्रत मूळ आहे, दुसरी पुनर्रचित. त्या खेळातील परकेपणाच्या जाणिवेवर प्रबंध लिहिणाऱ्याने यांपैकी कोणती प्रत, कोणत्या यंत्रावर, कोणत्या सुधारणेपर्यंतची वापरली हे सांगितले नाही, तर त्याच्या विधानांची पडताळणी परीक्षकाला करता येणार नाही.