रक्त, हशा आणि शेक्सपिअर

डग्लस हिकॉक्स यांच्या 'थिएटर ऑफ ब्लड' (१९७३) या ब्रिटिश भयपटात लायनहार्ट हा उपेक्षित नट आपल्या टीकाकारांना शेक्सपिअरच्या नाटकांतील मरणे एकामागून एक बहाल करतो. भरतमुनी भयानकाचा उगम बीभत्सात सांगतात, हास्याचा शृंगारात. बीभत्स आणि हास्य यांची सोयरीक तेथे नाही. येथे ती जुळते, कारण व्हिन्सेंट प्राइस थट्टा करीत नाहीत. एका समीक्षकाचे काळीज कापतानाही त्यांचा शायलॉक मनःपूर्वक असतो, आणि हसू येते ते या गांभीर्याचेच. (मूळ नाटकात मांस कापले जातच नाही. त्यावरूनच खुनी ओळखू येतो. शेक्सपिअर सुधारण्याचे धाडस दुसरे कोण करणार!)

मेरिड्यूला त्याच्याच लाडक्या कुत्र्यांचे मांस चारण्याचा प्रसंग मात्र ताणलेला वाटतो. तेथे 'टायटस' मागे पडतो, किळस तेवढी उरते.

शेवटी जळत्या नाट्यगृहाच्या छपरावर मुलीचे कलेवर उचलून उभा राहिलेला हा लिअर खरोखर करुण होतो. तो कोसळताच बचावलेला समीक्षक त्याच्या मरणावरही अभिप्राय देतो: अभिनय नेहमीप्रमाणे भडक, पण निष्क्रमण साधले. परीक्षणे लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना तो अभिप्राय साऱ्या रक्तपातापेक्षा अधिक बोचतो.