आधी अंगण, मग बाग



‘वस्तीत बाग फुलवा, वस्ती सुधारेल’ असं हल्ली फार ऐकू येतं. मी बागेच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकते. पण हे बोलताना जागा आणि पाणी कोणाचं, हा प्रश्न आपण सोडून देतो. तो सोडला की बाग उरते उद्‌घाटनाच्या फोटोपुरती.

आधी बागेच्या बाजूने बोलू. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ५४१ ओसाड भूखंडांवर एक प्रयोग झाला. काही जागांवरचा कचरा काढला, हिरवळ लावली, थोडी झाडं, बुटकं कुंपण, बस्स. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या जागांजवळ राहणाऱ्यांत ‘उदास वाटतं’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण, जिथे काहीच केलं नव्हतं तिथल्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटलं. म्हणजे हिरवळीचा उपयोग होतो, यात वाद नाही.

पण तिथे भूखंड ओसाड पडले होते. आपल्या वस्तीत ओसाड जागा आहे कुठे? आपल्याकडे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेचा लेआउट मंजूर करायचा तर दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. झोपडपट्टीचा लेआउट कोणी मंजूरच केलेला नसतो. म्हणजे ज्यांना घरातच हातपाय पसरायला जागा नाही, त्यांच्याच वाट्याला ही खुली जागा येत नाही. मग बाग होते नाल्याच्या काठाला, नाहीतर कोणाच्या तरी मोकळ्या प्लॉटवर, मालकाची गरज लागेपर्यंत. न्यूयॉर्कमध्ये हेच झालं. लोकांनी उकिरडे उपसून पालिकेच्या जागांवर बागा केल्या, आणि १९९९ साली महापौरांनी त्यातल्या शंभरावर बागा लिलावात काढल्या. शेवटी संस्थांनी पैसे उभे करून त्या विकत घेतल्या, म्हणून वाचल्या. आपल्या वस्तीसाठी इतके पैसे कोण उभे करणार?

आता पाणी. ते नगरकरांना वेगळं सांगायला नको. आपला फराहबाग बघा. १५८३ साली पुरा झालेला निजामशाही महाल, भोवती तळं, बागा. पाणी आणलं होतं लांबून, जमिनीखालच्या खापरी नळांनी. ती व्यवस्था मोडली आणि बाग गेली. महाल तेवढा उभा आहे. जिथे सुलतानाची बाग पाण्यावाचून टिकली नाही, तिथे दोन हंड्यांसाठी नळाशी ताटकळणाऱ्या बाईला ‘झाडांनाही घाला हं’ म्हणायचं, याला काय म्हणावं?

आणि ‘बाई’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. पाणी घालायचं, खुरपायचं, शेळ्या हाकलायच्या, हे काम अखेर कोणाच्या अंगावर येतं? पहाटे पाणी भरून धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईच्याच. तिच्या वेळेचा हिशेब कुठल्याच योजनेच्या कागदावर मला दिसत नाही.

इथे कोणीतरी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव घेतंच. घ्यायलाच हवं, २०२० च्या पद्मश्रीत त्यांचं नाव होतं. पण त्यांचं काम पायाखाली स्वतःची जमीन असलेल्या घरातून उभं राहिलं, हे विसरायचं नाही. त्यांच्याकडून शिकायचं ते वेगळं आहे. त्यांनी गावठी वाल, घेवड्याचं बी बायकांच्या हाती दिलं. पुढच्या हंगामात पुन्हा कोणाकडे मागायला जावं लागू नये, ही त्यातली खरी गोष्ट. नर्सरीतून ट्रक भरून आणलेली रोपं वाटण्यात ती येत नाही.

मग करायचं काय? उत्तराचा एक धागा आपल्याच शहरात आहे. संजयनगरच्या २९८ कुटुंबांसाठी प्रधानमंत्री आवास योजनेतून घरांचा प्रकल्प उभा राहिला. महापालिका, स्नेहालय, कम्युनिटी डिझाइन एजन्सी सोबत होत्या. रहिवाशांशी बोलून आराखडा केला आणि मधल्या अंगणाभोवती घरं मांडली. तो काही बागेचा प्रकल्प नव्हे. पण आधी हक्काचं घर, मग सामाईक अंगण, हा क्रम मला बरोबर वाटतो. अंगण आपलं असलं की तुळस कोणी लावायला सांगावी लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी वस्तीतल्या बागेची फीत कापायला कोणी बोलावलं, तर तीन प्रश्न विचारा. ही जागा कागदावर कोणाची? उन्हाळ्यात पाणी कुठून येणार? आणि काम कोण करणार, त्याचं तिला काय मिळणार? उत्तरं मिळाली तर जरूर जा, फीत कापा. नाही मिळाली, तर आधी नळजोडणीच्या अर्जावर सह्या गोळा करा. बागेचं पहिलं काम तेच आहे.