स्वतंत्र निर्मिती आणि वितरणाचा प्रश्न : लघुअनियतकालिके, 'कोर्ट' आणि दीक्षाभूमीवरील ग्रंथव्यवहार

प्रस्तावना

'स्वतंत्र निर्मिती' ही संज्ञा मराठी समीक्षेत अलीकडे वारंवार योजली जाते. प्रस्थापित प्रकाशनसंस्थेचा आधार न घेता पुस्तक काढणारा लेखक, बड्या निर्मितीगृहाबाहेर राहून चित्रपट करणारा दिग्दर्शक आणि मोजक्या सहकाऱ्यांसह व्हिडिओ गेम तयार करणारा गट, या सर्वांना या एकाच संज्ञेखाली आणले जाते. या वापरामागे एक गृहीत असते. ते असे की, भांडवलाचा उगम बदलला की निर्मिती स्वतंत्र होते. प्रस्तुत लेखात हे गृहीत तपासून पाहिले आहे.

निर्मितीचे स्वातंत्र्य आणि वितरणाचे स्वातंत्र्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठी परिसरात पहिले स्वातंत्र्य अनेकांनी मोठ्या कष्टाने मिळविले. दुसरे मात्र फार थोड्यांच्या वाट्याला आले. ते जेथे आले तेथे त्यामागे व्यक्तीच्या प्रतिभेइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, एका संघटित वाचकवर्गाचा हात होता, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. या दृष्टीने नागपूर शहराचे उदाहरण विशेष महत्त्वाचे ठरते.

लघुअनियतकालिके : छपाईचे स्वातंत्र्य

मराठीतील स्वतंत्र प्रकाशनाचा विचार सामान्यतः साठोत्तरी लघुअनियतकालिकांपासून सुरू होतो. 'शब्द', 'असो', 'वाचा' ही त्यांतील ठळक नावे. 'सत्यकथा' या मासिकाभोवती निर्माण झालेल्या वाङ्मयीन सत्तेला या चळवळीने आव्हान दिले. १९६९ मध्ये राजा ढाले यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहून ते आव्हान उघडपणे मांडले. चक्रमुद्रित पाने, स्वतः जुळविलेला मजकूर, परिचितांच्या हाती जाणाऱ्या प्रती आणि अनियमित अंक ही या चळवळीची बाह्य लक्षणे होती. संपादकाच्या संमतीवाचून लिहिता येते व छापता येते, हे तिने सिद्ध केले.

अरुण कोलटकर यांचा प्रकाशनप्रवास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. त्यांचे 'जेजुरी' हे इंग्रजी पुस्तक १९७६ मध्ये 'क्लिअरिंग हाऊस' या कवींनीच उभारलेल्या प्रकाशनातर्फे निघाले. 'अरुण कोलटकरच्या कविता' हा मराठी संग्रह १९७७ मध्ये अशोक शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशना'ने काढला. पुढे २००३ मध्ये 'भिजकी वही' 'प्रास'नेच प्रसिद्ध केली आणि या संग्रहाला कवीच्या निधनानंतर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सुमारे तीन दशके एका श्रेष्ठ कवीने मोठ्या प्रकाशकाचे दार ठोठावले नाही. मजकूर, मुखपृष्ठ, कागद, अक्षररचना या सर्व बाबतींत त्याची इच्छा प्रमाण राहिली. निर्मितीच्या स्वातंत्र्याचे याहून निर्दोष उदाहरण मराठीत सापडणे कठीण आहे.

तथापि याच उदाहरणातून या स्वातंत्र्याची मर्यादाही स्पष्ट होते. ही पुस्तके मर्मज्ञांपर्यंत पोहोचली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वाचकाला ती सहज मिळतील अशी व्यवस्था उभी राहिली नाही. लघुअनियतकालिकांचे लेखक हेच बहुधा त्यांचे वाचक होते. संपादकाची सत्ता नाकारण्यात चळवळ यशस्वी झाली, परंतु विक्रेता, ग्रंथालय आणि अभ्यासक्रम या तीन सत्तास्थानांना तिने फारसा धक्का लावला नाही. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडले, तोवर तिला आव्हान देणारी बहुतेक अनियतकालिकेही अस्तंगत झाली होती.

या चित्राला एक अपवाद आहे. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) चालविलेले 'अस्मितादर्श' हे नियतकालिक साठोत्तरी काळातच सुरू झाले आणि दशकानुदशके चालू राहिले. पानतावणे यांचा जन्म नागपूरचा. 'अस्मितादर्श'च्या दीर्घायुष्याचे कारण केवळ संपादकाच्या चिकाटीत शोधणे अपुरे ठरेल. त्याच्यामागे आंबेडकरी चळवळीतून घडलेला, गावोगाव पसरलेला आणि वाचनाला मुक्तीचे साधन मानणारा वर्ग होता. लघुअनियतकालिकांना लेखकांचा गट लाभला. 'अस्मितादर्श'ला वाचकांचा समाज लाभला. हा फरक मूलभूत आहे.

त्याची पूर्वपीठिकाही ध्यानात घ्यावी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात मूल्य घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, ही गोष्ट आंबेडकरांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. 'मूकनायक'पुढील अडथळा छापखान्याचा नव्हता. वाचकापर्यंत जाणाऱ्या वाटेचा होता. 'स्वतंत्र' या विशेषणाचा खरा कस कोठे लागतो हे मराठी पत्रसृष्टीत शंभर वर्षांपूर्वीच दिसून आले होते.

'कोर्ट' : आशयातील छापखाना

चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित 'कोर्ट' हा चित्रपट २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात पुरस्कारप्राप्त ठरला आणि पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभिनेते विवेक गोम्बर यांनी त्याची निर्मिती केली. परिचित नटांऐवजी बहुतांशी अव्यावसायिक व्यक्तींची निवड, लांबलेली स्थिर दृश्ये आणि नाट्यमय युक्तिवादाचा अभाव यांमुळे हा चित्रपट रूढ न्यायालयपटांपासून वेगळा पडतो. एका लोकशाहिराच्या गीतामुळे सफाई कामगार आत्महत्येस प्रवृत्त झाला, असा आरोप आणि त्यावरील रेंगाळणारा खटला हा त्याचा विषय.

नारायण कांबळे या शाहिराची भूमिका नागपूरचे वीरा साथीदार यांनी केली. साथीदार हे व्यवसायाने नट नव्हते. कवी, कार्यकर्ते आणि 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक अशी त्यांची ओळख होती. १३ एप्रिल २०२१ रोजी कोविडच्या साथीत त्यांचे नागपुरात निधन झाले. भूमिका आणि व्यक्ती यांतील हे साधर्म्य समीक्षकांनी अनेकदा नोंदविले आहे. परंतु त्याचा अर्थ पुरेसा उलगडलेला नाही. चित्रपटाच्या उत्तरार्धात नारायण कांबळेला पुन्हा अटक होते ती छापखान्यात, छपाईचे काम चालू असताना. दिग्दर्शकाने अटकेसाठी हे स्थळ निवडणे अर्थपूर्ण आहे. शाहिराचे गाणे सभेपुरते ऐकले जाते. छापील पुस्तिका मात्र सभा पांगल्यावरही हातोहात फिरत राहते. राज्यसंस्थेला अस्वस्थ करते ती केवळ अभिव्यक्ती नसून तिचे प्रसरण असते, हे या दृश्यातून कोणत्याही भाष्याविना सूचित होते. कॅमेरा येथेही दूर राहतो, संगीत नाही, निषेधाचे भाषण नाही. त्यामुळे प्रेक्षकाला भावनिक सुटका मिळत नाही. त्याला त्या यंत्रासमोर आणि त्या पुस्तिकांसमोर थांबावे लागते.

'कोर्ट'च्या स्वतःच्या वितरणाकडे पाहिले असता एक विसंगती जाणवते. १७ एप्रिल २०१५ रोजी तो चित्रपटगृहांत आला. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना मोक्याची वेळ मिळावी यासाठी शासनाने आग्रह धरला तो त्याच महिन्यात. अर्थात मोक्याच्या वेळेचा लाभ मिळाला तरी तिकिटाचा दर आणि चित्रपटगृहाचे स्थान बदलत नाही. ज्या वस्तीत नारायण कांबळे गातो, त्या वस्तीतील प्रेक्षक मल्टिप्लेक्सचा नित्याचा ग्राहक नव्हे. चित्रपटाने आशयात ज्याला मध्यवर्ती स्थान दिले, त्याला वितरणात ते देता आले नाही. हा दोष दिग्दर्शकाचा नाही. स्वतंत्र चित्रपटाला उपलब्ध असलेल्या मार्गांचा आहे.

याउलट आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटाचे उदाहरण घेता येईल. चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून साकारलेला, तीन तासांहून अधिक लांबीचा हा माहितीपट ज्या वस्त्यांमध्ये चित्रित झाला तेथेच खुल्या पडद्यावर दाखविला गेला. त्याचे वितरण हा त्याच्या आशयाचाच विस्तार होता. दुसऱ्या टोकाला नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (२०२२) आहे. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर आधारलेल्या, नागपुरात चित्रित झालेल्या आणि येथील वस्त्यांतील मुलांना पडद्यावर आणणाऱ्या या चित्रपटाला देशभर प्रदर्शन मिळाले. त्यासाठी हिंदी भाषा आणि अमिताभ बच्चन यांच्यासारखा तारा यांचा आधार घ्यावा लागला. 'झुंड'ची कलात्मक प्रामाणिकता यामुळे बाधित होते असे नाही. परंतु व्यापक वितरणाची किंमत कोणत्या स्वरूपात मोजावी लागते, हे त्यातून कळते.

व्हिडिओ गेम : सीमा ओलांडणारे वितरण आणि भाषेचा प्रश्न

व्हिडिओ गेमचे क्षेत्र वरवर पाहता या अडचणीपासून मुक्त दिसते. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या गटाने तयार केलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७ मध्ये त्यासाठी केलेला लोकवर्गणीचा प्रयत्न अपुरा पडला होता. तरीही गटाने काम सोडले नाही. राजस्थानी वास्तुरचना, पहाडी लघुचित्रशैली आणि छायाबाहुल्यांचा वापर यांमुळे या खेळाने जगाचे लक्ष वेधले आणि 'द गेम अवॉर्ड्स' या समारंभात पदार्पणातील स्वतंत्र खेळांच्या विभागात त्याला नामांकन मिळाले.

येथे दुकानदार नाही, चित्रपटगृह नाही. खेळ थेट जगातील ग्राहकाच्या यंत्रावर उतरतो. मात्र मधला घटक नाहीसा झालेला नाही, तो फक्त एकवटलेला आहे. 'स्टीम'सारखा मंच विक्रीच्या सुमारे ३० टक्के वाटा घेतो आणि कोणता खेळ ठळकपणे दिसावा हे त्याची गणनपद्धती ठरविते. याहून महत्त्वाचा परिणाम भाषेवर होतो. पुण्यात घडलेल्या या खेळाचे मूळ निवेदन इंग्रजीत आहे. जागतिक बाजारासाठी निर्मिती करणाऱ्या गटाला दुसरा व्यवहार्य पर्याय नव्हता, हे मान्य केले तरी स्थानिक चित्रशैली निर्यात होते आणि स्थानिक भाषा मागे राहते, ही वस्तुस्थिती उरते. येथे स्वातंत्र्य आहे. परंतु ते मराठीत व्यक्त होण्याचे स्वातंत्र्य नाही.

दीक्षाभूमी आणि झाडीपट्टी : वितरणाचे देशी प्रारूप

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला. तेव्हापासून दरवर्षी या दिनाच्या निमित्ताने दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात आणि परतताना पुस्तके घेऊन जातात. परिसरात शेकडो ग्रंथविक्रीची दालने लागतात. आंबेडकरांचे समग्र वाङ्मय, बौद्ध ग्रंथ, चरित्रे, कवितासंग्रह, भीमगीतांच्या पुस्तिका आणि अल्पमोली पत्रके तेथे शेजारी शेजारी मांडलेली असतात. लेखक कित्येकदा स्वतःच विक्रेता असतो. प्रकाशकाचे नाव वाचकाला ठाऊक नसले तरी चालते. विषय आणि किंमत यांवर निवड होते. वितरक, दुकान आणि वृत्तपत्रीय परीक्षण या तिन्ही टप्प्यांना वगळून पुस्तक मराठवाड्यातील किंवा विदर्भातील खेड्यापर्यंत थेट पोहोचते.

विदर्भातच असे दुसरे प्रारूप झाडीपट्टी रंगभूमीचे आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे तिचे केंद्र. दिवाळीनंतरच्या हंगामात चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यातील गावे मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने नाटक ठरवितात आणि रात्रभर प्रयोग रंगतो. प्रयोग गावातील मंडळ आयोजित करते व तिकिटेही तेच विकते. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर नागर समीक्षेचे लक्ष तिकडे काहीसे वळले. रंगभूमी मात्र त्याआधी कित्येक दशके स्वबळावर उभी होती.

या दोन्ही प्रारूपांत एक समान सूत्र आहे. वाचक किंवा प्रेक्षक आधीच एकत्र आलेला असतो आणि निर्माता त्याच्याकडे जातो. ग्राहक शोधण्याचा खर्च समाजाने उचललेला असतो.

अर्थात या प्रारूपांचे आदर्शीकरण करणे योग्य होणार नाही. दीक्षाभूमीवरील विक्री काही दिवसांत एकवटते, त्यामुळे वर्षाचे उरलेले दिवस छोट्या प्रकाशकाला कठीण जातात. स्वल्प किमतीमुळे मानधन, संपादन व मुद्रितशोधन यांकडे दुर्लक्ष होते. समूहाच्या अपेक्षेबाहेरचा, चिकित्सक किंवा प्रयोगशील लेखकही येथे एकाकी पडू शकतो. झाडीपट्टीतही लोकप्रियतेचा दाब संहितेवर येतो. म्हणजे समूहाने दिलेले स्वातंत्र्य समूहाकडून मर्यादितही होते. कोलटकरांना जे निरंकुश कलास्वातंत्र्य मिळाले ते येथे मिळेलच असे नाही. परंतु कोलटकरांना जे मिळाले नाही ते येथे मिळते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, 'स्वतंत्र निर्मिती' ही संज्ञा केवळ भांडवलाच्या आधारे वापरणे अपुरे आहे. निर्मितीवरील नियंत्रण, वितरणावरील नियंत्रण आणि निर्मितीची भाषा या तीन निकषांवर प्रत्येक कृती तपासावी लागेल. 'प्रास'ची पुस्तके पहिल्या निकषावर श्रेष्ठ ठरतात, दीक्षाभूमीवरील पुस्तिका दुसऱ्या व तिसऱ्या निकषावर. 'राजी' पहिल्या निकषावर टिकतो, तिसऱ्यावर नाही. 'कोर्ट'ने हा प्रश्न सोडविला नाही, पण छापखान्यातील त्या एका दृश्यात तो अचूक मांडला.

या प्रश्नाचा एक भाग महाविद्यालयांशी थेट निगडित आहे. प्रताप नगर, लक्ष्मी नगर, बजाज नगर या सुशिक्षित वस्त्यांपासून दीक्षाभूमी फार दूर नाही. ग्रंथालयांच्या खरेदीच्या दृष्टीने मात्र हे अंतर फार मोठे आहे. नोंदणीकृत पुरवठादाराच्या यादीत जे पुस्तक नसते ते दाखलपुस्तकात येत नाही. जे दाखलपुस्तकात येत नाही ते संदर्भसूचीत येत नाही. आणि जे संदर्भसूचीत येत नाही ते वाङ्मयेतिहासातून गळते. लघुअनियतकालिकांचे पूर्ण संच आज दुर्मीळ झाले आहेत, ते याच क्रमाने. 'विद्रोही'सारख्या नियतकालिकांचे अंक आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी विकल्या जाणाऱ्या पुस्तिका यांचीही तीच गत व्हायची नसेल, तर मराठी विभाग आणि ग्रंथपाल यांनी वर्षातून एकदा त्या दालनांपर्यंत जाऊन खरेदी व नोंद करणे आवश्यक आहे. स्वतंत्र निर्मितीला वाचक मिळवून देण्याचे काम समाजाने केले आहे. तिचे जतन करण्याचे काम विद्यासंस्थांकडे अद्याप बाकी आहे.